रेडी ते रेवस : गोड्या पाण्याच्या नोंदी (शेवटचा टप्पा)

२४ मे २०२४, नांदिवडे–जयगड

सातच्या आत कऱ्हाटेश्वराच्या पायऱ्या उतरलो. देवळाच्या खाली समुद्राच्या बाजूला गोमुख आहे आणि त्यातून झरा वाहतो. धार बारीक होती, पण तुटत नव्हती. भाचीने पाण्यात विरघळलेले क्षार (लिटरला किती मिलिग्रॅम ते) मोजणारा मीटर धरला, तर संख्या तीन आकडीसुद्धा होईना. एवढ्या जवळ लाटा फुटतात की चष्म्यावर शिंतोडे येतात, आणि त्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. तिने मीटर पुसून पुन्हा धरला. आकडा तोच.

हे पाणी येतं कुठून, ते वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, उभं राहिलं की समजतं. जांभा सच्छिद्र. पाऊस पडला की पाणी त्याच्या छिद्रांतून आणि भेगांतून खाली जातं. खाली शेडीची चिकण माती लागते, ती पाणी पुढे जाऊ देत नाही. मग पाणी त्या मातीवरून आडवं सरकत सड्याच्या कडेला येतं आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. रेडीपासून आम्ही नोंदलेले बहुतेक झरे याच उंचीवर आहेत, जिथे जांभा संपतो आणि माती सुरू होते. माणसांनी वाड्याही तिथेच वसवल्या. सड्यावर घर नाही, सड्याच्या पायथ्याला आहे, हे नकाशावर आता मला आपोआप दिसू लागलंय.

नवीन वाचणाऱ्यासाठी कामाचं स्वरूप एकदा लिहून ठेवते. किनाऱ्याने उत्तरेकडे जायचं, तंबूत राहायचं, आणि जिथे मुक्काम तिथलं पिण्याचं पाणी कुठून येतं ते नोंदवायचं. विहीर, झरा, पाट, तळं, जे असेल ते. पाण्याची खोली, चव, मीटरचा आकडा, गाळ शेवटचा कधी काढला आणि कोणी काढला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या या पट्टीत मेमध्ये टँकर फिरतात, म्हणून हे मेच्या शेवटच्या आठवड्यातच करण्यात अर्थ आहे. ऑक्टोबरात कोकणातली कुठलीही खाच भरलेली असते, तेव्हा मोजून काय कळणार?

गाडी दादाकडे, मीटर आणि फीत भाचीकडे, वही माझ्याकडे. संध्याकाळी दादाने पुढचा ब्रेक उघडून साफ केला. खाऱ्या हवेने चाकाचे नट धरायला लागलेत.

२५ मे, तवसाळ–हेदवी–वेळणेश्वरच्या वरचा सडा

जयगडहून तवसाळला फेरीबोटीने. शास्त्रीच्या मुखावरची ही बोट नसती तर खाडीला वळसा घालण्यात अर्धा दिवस गेला असता. बोटीत आंब्याच्या क्रेटचे दोन टेम्पो होते, कॅनिंगला निघालेले. हंगाम उतरला.

हेदवीच्या बामणघळीशी एकच्या सुमाराला पोचलो. वद्य द्वितीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे दीड. कातळाच्या चिंचोळ्या भेगेत पाणी घुसून वर उसळत होतं. भाचीला हा हिशोब फार आवडला. आता ती रोज सकाळी पंचांग बघून भरती सांगते आणि दुपारी पडताळते. दोन्हींत अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडला तर त्याचीही नोंद करते.

मुक्काम सड्यावर, मालकांना विचारून. सड्यावर आमचे दोन नियम पहिल्यापासून आहेत: मेख ठोकायची नाही आणि चूल पेटवायची नाही. मेख तशीही जांभ्यात जात नाही, पण कारण ते नव्हे. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं हाताभर मातीखाली झाकलेली सापडली आहेत. कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं कोरलेली आहेत. तोही असाच, लोकांच्या पायाखाली होता. २०२२ साली यातली निवडक ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. यादीत नसलेली किती मातीखाली असतील, म्हणून तंबूच्या दोऱ्या आम्ही पाण्याच्या भरलेल्या कॅनना आणि गाडीच्या चाकांना बांधतो.

पलीकडच्या सड्यावर चिरेखाण आहे. यंत्राने कापलेला उभा चौकोनी खड्डा, तळाला पिवळट शेडी उघडी पडलेली. खाणीखालच्या वाडीतल्या एका मावशींनी सांगितलं, "आमचा झरा आधी शिमग्यानंतर बारीक व्हायचा, पण असायचा. आता शिमग्यालाच जातो." खाण आणि झरा यांच्यात नातं आहे असं मोजमापाशिवाय म्हणायचं नाही, असं दादा बजावतो. तो म्हणतो ते खरं आहे. पण ज्या दगडात पाणी साठतं तोच दगड ट्रकमधून गेला तर पाणी साठायचं कुठे, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवतेय.

२६ मे, गुहागर

आज दिवसभर एकाच आगरात होतो आणि आजची नोंद लांब होणार.

गुहागरची वस्ती समुद्राला लागून वाळूवर आहे. आधी पुळण, मग सुरूची रांग, मग माडा-पोफळीची आगरं आणि आगरातच घरं. विहिरी उथळ. इथे जांभा नाही, झरा नाही, तरी पाणी गोडं. मुरलेलं पावसाचं पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगतं, भाजीवर तेलाचा तवंग असतो तसं. खारं पाणी जड, लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास जास्त वजन, एवढ्या फरकावर हा सगळा कारभार. हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक हात वर असेल, तर खाली सुमारे चाळीस हात गोडं पाणी असतं. उलटा हिशोब जास्त महत्त्वाचा: वरची पातळी एक हात उतरवली, तर खालून खारं पाणी चाळीस हात वर सरकायला बघतं.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. आज ते एका घराच्या दोन विहिरींत पाहिलं. पुढची विहीर घरची. पाणी काढायला पोहरा आहे आणि आगर शिंपायला लहान पंप, तो सकाळी अर्धा तास चालतो. मीटरवर ३१०. मागची विहीर समुद्राच्या बाजूला, पर्यटकांच्या खोल्यांसाठी खणलेली, मे महिनाभर मोटर चालू. मीटरवर ११४०. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं मानतात, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे मागची विहीर नियमात बसते. पण चहा फाटल्यासारखा लागतो, आणि त्या विहिरीवरच्या पोफळींची झावळं टोकाला करपलेली आहेत.

घरच्या काकूंनी मीटरचा आकडा ऐकून मान हलवली. "आकडा नको मला. डाळ शिजत नाही त्या पाण्यात, एवढं पुरे." त्यांच्या सासऱ्यांच्या काळी रहाट होता. बैल दमला की पाणी थांबायचं. तेवढ्या वेळात विहीर भरून यायची. मोटर दमत नाही. रहाट पुन्हा आणा असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण मोटरला विश्रांती ठरवून द्यायला कोणी अडवलेलं नाही. काकूंच्या मुलाने भाचीकडून सगळा हिशोब समजून घेतला आणि दोन्ही मोटरींना वेळ लावायचं यंत्र बसवायचं म्हणाला. मी त्याला आमची जादाची फीत देऊन टाकली. दर रविवारी सकाळी, पंप लावायच्या आधी, पाण्याची खोली मोजून कळवायचं ठरलंय.

आज संकष्टी. काकू, दादा आणि मी, तिघांचाही उपास. चंद्र उगवायला पावणेदहा झाले. खळ्यात केळीच्या पानांवर जेवलो, उकडीचे मोदक, वर घरचं तूप. तंबू खळ्याच्या कडेला होता आणि काकूंना तो अजिबात पटला नव्हता. "पडवी एवढी मोकळी असताना माणसं कापडात झोपतात का?" शेवटी भाची पडवीत झोपली. तिने वाद घातला नाही, कारण वर पंखा होता.

वाळूत मेख धरत नाही. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, हातभर खाली पुरायची. वाऱ्याने तंबू जागचा हलत नाही.

२७ मे, धोपावे–दाभोळ–आसूद

सकाळची पहिली फेरी चुकली, दुसरी मिळाली. २००३ साली किनाऱ्यावरची ही फेरीबोट सेवा इथेच सुरू झाली आणि मग बाकीच्या खाड्यांवर पसरली. वाशिष्ठीचं पाणी गढूळ, हवा दमट, अंगाला सदरा चिकटलेला. दापोलीत बाजार केला, आसूदला दुपारी.

केशवराजाला जायला आधी खाली उतरायचं, पोफळीच्या बागांतून पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत), पूल ओलांडून मग जांभ्याच्या पायऱ्या चढायच्या. भर दुपारी पऱ्यापाशी अंग गार पडलं. देवळाच्या आवारात गोमुख. वरच्या डोंगरातून पन्हळीने पाणी आणलंय आणि ते बारमाही आहे. आजही पडत होतं.

रात्री काजवे. चंद्र उगवायला साडेदहा वाजून गेले, तोवर पऱ्याकाठच्या झाडांवर ते एका लयीत उजळत आणि विझत होते. भाचीने फोनवर चित्रण करायचा प्रयत्न सोडून दिला आणि नुसती बसून राहिली.

२८ मे, आसूद (मुक्काम वाढवला)

पाटाचं काम पाहायला थांबलो. ज्यांच्या बागेत तंबू आहे त्या आजोबांनी काल रात्रीच सांगितलं होतं, "उद्या पाट काढायचाय, बघायचं असेल तर उठा लवकर."

पाट म्हणजे वरच्या पाण्यापासून बागांपर्यंत उताराला आडवा नेलेला दगडी कालवा. रुंदी हातभर, कुठे त्याहून कमी. उतार इतका हळू धरलाय की पाणी पळत नाही आणि थांबतही नाही. दादा पूल बांधणाऱ्या कंपनीत आयुष्यभर होता. तो पाण्याची पातळी बघायची नळी घेऊन पाटाच्या कडेने बराच लांब गेला. परत आला तो गप्प. मग म्हणाला, "यंत्र लावून मला याहून सरळ काढता आला नसता."

बागांना पाण्याची पाळी आहे. कोणाच्या बागेला कुठल्या दिवशी, किती वेळ, हे कुठे लिहिलेलं नाही. सगळ्यांना पाठ आहे. पाटाच्या तोंडाशी दगड आणि मातीचं बूच काढायचं, पाळी झाली की पुन्हा लावायचं. पाळीचा वाद होतो का, असं मी विचारलं. आजोबा म्हणाले, "होतो की. म्हणून तर सगळे पाटावर येतात. ज्याला भांडायचं असतं तो आधी साफ करायला येतो."

सकाळी सहापासून माणसं जमली. फावडी, कोयते, घमेली. पाटात पडलेली झावळं, पोफळीच्या विऱ्या, गाळ, मुळं, सगळं बाहेर. पावसाच्या आधी हे करावंच लागतं, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात पाट तुंबतो आणि कडा फोडून पाणी भलत्याच बागेत घुसतं. आम्हीही लागलो. माझ्या वाट्याला जो तुकडा आला त्यात एक जुना दगड सुटला होता. तो बसवायला शेजारचे काका आले. सिमेंट नको म्हणाले. चिकण माती मळून, त्यात दगड दाबून, वर पायाने ठोकला. सिमेंटने पाट पक्का होतो, पण त्यातून पाणी झिरपत नाही, आणि खालच्या बागांतल्या विहिरी त्या झिरपण्यावर जगतात. या एका वाक्यासाठी मुक्काम वाढवला ते सार्थकी लागलं.

जलजीवन मिशनची घोषणा २०१९ सालची. किनाऱ्याने येताना गावोगाव निळे नळ दिसले. नळ यायलाच हवा. डोक्यावर हंडा घेऊन पाखाडी चढणाऱ्या बाईला झऱ्याचं कौतुक सांगण्याचा अधिकार मला नाही. पण नळ आला की पहिलं काय होतं, तेही आम्ही सगळ्या वाटेवर पाहिलंय: जुन्या विहिरीचा गाळ काढायला कोणी जात नाही, आणि दोनचार वर्षांत तिच्यात प्लास्टिक पडायला लागतं. वीज गेली की मग तिची आठवण. आमच्या तक्त्यात "गाळ शेवटचा कधी काढला" हा रकाना आहे. जिथे नळ जुना, तिथे या रकान्यात बहुधा "माहीत नाही" असं उत्तर आहे. आसूदला त्या रकान्यात आजची तारीख लिहिली.

दुपारी बागेत रातांबे (कोकमाची फळं) फोडायला बसलो. सालं वेगळी, गर वेगळा. हात दोन दिवस लाल राहणार.

२९ मे, हर्णे–केळशी

हर्णेच्या बंदरावर संध्याकाळचा लिलाव. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे गर्दी आणि घाई दोन्ही. समोर सुवर्णदुर्ग.

बोटीवर पिण्याचं पाणी किती नेतात, हा माझा प्रश्न. एका तांडेलाने कॅनच दाखवले. खोल समुद्रात आठवडाभर राहायचं तर पाण्याचा अंदाज चुकून चालत नाही, डिझेलचा चुकला तर कोणी ओढून आणेल. भात शिजवताना निम्मं समुद्राचं पाणी घालतात, मीठ वेगळं लागत नाही. हात-तोंड, भांडी सगळं खाऱ्यात. गोडं फक्त पिण्याला आणि चहाला. वापराचा हा क्रम लावून पाहिला तर आमच्या तंबूतही एक कॅन दीड दिवस जास्त टिकेल, असं भाचीने काढलं.

केळशीला अंधार पडल्यावर पोचलो. वाळूच्या टेकडीच्या अलीकडे मुक्काम.

३० मे, वेळास–वेश्वी–हरिहरेश्वर–श्रीवर्धन

रेडिओवर बातमी: मान्सून केरळात दाखल. मग सकाळपासून दादाचा एकच धोशा, आवरा.

वेळासला कासवांचा हंगाम संपलेला. २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि आज त्या कामावर गावातल्या कितीतरी घरांचा खर्च चालतो. गाडी कुठल्याही पुळणीवर उतरवायची नाही आणि वाळूत दिवा लावायचा नाही, हा आमचा नियम इथल्यामुळेच केलेला. पिल्लं उजेडाकडे जातात. विहीर एकच मोजली, देवळाजवळची. पाणी स्वच्छ, कठडा नवीन. आम्हाला पाणी काढू देण्याआधी मुलांनी पोहरा धुवून घ्यायला लावला.

वेश्वीहून बागमांडल्याला बोट. सावित्रीच्या पात्रात अर्धवट पुलाचे खांब. बोटीतून उतरलो आणि रायगड जिल्हा लागला.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. तिथी सप्तमी, भरती सव्वापाचला, म्हणजे ओहोटी साधारण साडेअकराला. पण अष्टमी जवळ आली की भांग असते, पाणी फार मागे हटत नाही. खडकांवरून वाट होती, तरी वारा फिरलेला जाणवत होता. नैर्ऋत्येकडून लांब पल्ल्याच्या लाटा यायला लागल्यात. दुकानदारांनी ताडपत्र्या काढल्या. गावात जिथे तिथे आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, घाई: लाकडं पडवीत, सुकी मासळी डब्यात, फणसपोळ्या उन्हात. दोन ठिकाणी रोहिणीतली धूळपेरणी झालेली दिसली.

३१ मे, दिवेआगर–दिघी–मुरूड

दिवेआगरला ज्या आगरात थांबलो तिथे निम्म्या जागेवर उंच पोफळी आणि निम्म्या जागेवर डोक्याएवढी रोपं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची ही रेघ. इथली घरं त्या दुपारी छपराविना राहिली आणि बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाचसात वर्षं जातात, त्यामुळे या बागेचं उत्पन्न अजूनही अर्धं आहे.

आजींना मी विहिरीबद्दल विचारलं, तर त्यांनी वादळच सांगितलं. माड विहिरीत पडला होता. वीज यायला कितीतरी आठवडे लागले. पंप निरुपयोगी. ज्यांच्या विहिरीवर कप्पी आणि दोर होता त्यांच्याकडे आळीतली सगळी माणसं पाण्याला आली. "आमची कप्पी होती. सासूबाई काढू द्यायच्या नाहीत, म्हणून राहिली होती." विहिरीत पडलेला माड कोयत्याने तोडून तुकड्या-तुकड्याने वर काढला, मग गाळ, मग पाणी उपसून टाकलं, तेव्हा कुठे प्यायजोगं आलं. ती कप्पी अजून आहे, तेल घातलेली. वर्षातून एकदा, वादळाच्या तारखेला, आजी स्वतः ती उतरवून साफ करतात. मीटरवर २६०.

तक्त्यात एक रकाना वाढवला: विजेशिवाय पाणी काढता येतं का? मागच्या नोंदी चाळून जिथे उत्तर माहीत आहे तिथे भरला. रिकामे राहिले त्या ठिकाणी फोन करायचे आहेत.

दिघीहून आगरदांड्याला आमच्या वाटेवरची शेवटची फेरीबोट. पावसाळ्यासाठी जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या, म्हणून राजपुरीच्या धक्क्यावरूनच किल्ला बघितला. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव, अलिबागला कुलाबा किल्ल्यात गोडी विहीर. चहूबाजूंनी समुद्र असताना किल्ला लढला तो आतल्या पाण्याच्या जोरावर. बांधणाऱ्यांनी पाणी आधी बघितलं, तट नंतर.

संध्याकाळी बोटी परत येत होत्या. मध्यरात्रीपासून बंदी. जाळी उतरवून वाळूवर पसरली, इंजिनं खोलायला घेतली. कोळीवाड्यातल्या नळाला रांग, कारण आता सगळी बोट गोड्या पाण्याने धुवायची असते, मीठ राहिलं तर लाकूड आणि लोखंड दोन्ही खातं. दादाने तीच संधी साधून गाडीचा खालचा भाग धुवून घेतला.

१ जून, रेवस

अलिबागवरून रेवसला दुपारी पोचलो. धक्क्यावर उकाडा, आभाळ भरलेलं, पाऊस नाही. किनाऱ्याचा रस्ता इथे संपतो, पुढे धरमतरची खाडी आणि पलीकडे करंजा.

तक्ते तीन प्रतींत करायचे ठरलं होतं. एक आमच्याकडे, एक ज्या त्या ग्रामपंचायतीला टपालाने, आणि एक ज्यांच्या विहिरीवर किंवा झऱ्यावर मोजलं त्या घराला. भाचीचं म्हणणं, घरी पाठवायची प्रत छापील नको, हाताने लिहिलेली हवी, म्हणजे ती भिंतीला लागते. मान्य. तिच्या अक्षरात होतील, माझं अक्षर कोणाला लागत नाही.

जिथे घरातलंच माणूस दर आठवड्याला खोली मोजायला तयार झालं, ती ठिकाणं तक्त्यात वेगळ्या शाईने लिहिली. गुहागरच्या काकूंचा मुलगा, आसूदचे आजोबा (प्रत्यक्षात त्यांची नात मोजणार), दिवेआगरच्या आजी. दक्षिणेकडे मालवण आणि देवगड तालुक्यांतली काही घरं. आम्ही वर्षातून एकदा येऊन घेतलेल्या आकड्यापेक्षा यांच्या आकड्यांना जास्त मोल आहे.

१२ जून, घरून

पाऊस लागला तसे फोन यायला लागले. गुहागर: रविवारच्या मापात घरची विहीर पाऊण हात चढलेली, मागची अर्धा हात, मागचीचा खारटपणा अजून तसाच. मोटरला वेळ लावणारं यंत्र बसलं. दिवेआगरच्या आजींनी हातात माप धरून सांगितलं, "वीत आणि चार बोटं." भाचीने त्याचे सेंटीमीटर करून घेतले आणि आजींचं मापही शेजारी तसंच लिहून ठेवलं.

आसूदचा फोन काल रात्री आला. पाट तुंबला नाही. पऱ्या वाहतोय, पण गोमुखाच्या धारेत काहीच फरक नाही, असं नात म्हणाली, आणि आपलं मोजण्यात काही चुकतंय का असं तिने विचारलं. चुकत नाही. वाळूतल्या विहिरीला पाऊस लगेच पोचतो. डोंगरातल्या झऱ्याचं तसं नाही, जांभ्यातून मुरून मातीवरून सरकत यायला त्याला वेळ लागतो. किती, हेच काढायचं आहे. तिला सांगितलंय की धार वाढलेली दिसेल त्या दिवशीची तारीख लिही, आणि तोवर दर आठवड्याला "फरक नाही" असं लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.